पायथनमध्ये टेक्स्ट फाइल प्रिंट करताना प्रत्येक ओळीनंतर रिकामी ओळ येते, ती कशी घालवायची?

प्रिंट फंक्शनला एंड हे आर्ग्युमेंट रिकामी स्ट्रिंग म्हणून द्या, जादा ओळ जाईल (पायथन ३). फॉर लूपने फाइल वाचताना ओळीच्या शेवटचा बॅकस्लॅश-एन (नवी ओळ सुरू करणारं न्यूलाइन कॅरेक्टर) तसाच राहतो आणि प्रिंट स्वतःचा आणखी एक जोडतो. एंडची डीफॉल्ट व्हॅल्यू बॅकस्लॅश-एनच आहे, हेल्प काढून बघा. ओळीची तुलना वगैरे करायची असेल तर मात्र आरस्ट्रिप (स्ट्रिंगच्या शेवटची कॅरेक्टर काढणारी मेथड) बरं, तेही कंसात बॅकस्लॅश-एन देऊन. नुसतं स्ट्रिप लावलंत तर सुरुवातीचं इंडेंटेशनही उडतं. शेवटचं कॅरेक्टर स्लाइस करून कापायचा शॉर्टकट तर नकोच: फाइलच्या शेवटच्या ओळीला कधीकधी न्यूलाइन नसते, मग खरं अक्षरच जातं.