आमिश क्विल्टचा धावदोरा पहिल्यांदा घालताना

आमिश म्हणजे अमेरिकेतला साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टर काउंटीच्या जुन्या आमिश क्विल्टमध्ये (गोधडीसारख्या पांघरुणात) छापील कापड नसतं. गडद, एकरंगी लोकरीचे मोठे तुकडे, त्यामुळे वाकडा टाका लगेच डोळ्यात भरतो. म्हणून आधी टाके सारखे येऊ द्या. इंचाला 8-10 नंतर. सुई आखूड घ्या, मधल्या बोटात अंगुस्तान. दोरा दीड फुटापेक्षा लांब नको, पिळतो आणि झिजतो. गाठ हलका झटका देऊन आतल्या कापसाच्या थरात ओढा. कापड ढोलासारखं ताणलंत तर टाके घेताना सुई वर-खाली डोलणारच नाही. आमिश बायका मोठ्या चौकटीभोवती बसून कडेकडून आत येतात, कारण तिथे तिन्ही थर (वरचं कापड, मधला कापूस, खालचं अस्तर) एकदम ताणलेले असतात. तुम्ही गोल रिंगवर असाल तर मधूनच सुरुवात करा, नाहीतर मध्ये फुगा येतो आणि तो उसवल्याशिवाय जात नाही. गोधडी शिवली असेल, तर हात लवकर बसेल.