मणका ‘बसवणं’: कट् आवाजात नेमकं काय होतं आणि मानेच्या बाबतीत घाई का नको

तुमची कंबर वर्षभर धरतेय, दिवसभर खुर्चीत बसून मानही आखडते. व्हिडिओत कट्‌कट् आवाज होतो आणि माणूस हसत उठतो, ते पाहून तुम्ही विचारलंय की सरकलेला मणका खरंच जागेवर बसतो का, मानेचंही करून घ्यावं का आणि चोवीस बैठकांचं पॅकेज आधी पैसे भरून घ्यावं का. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि मणक्याचं मॅनिप्युलेशन, म्हणजे सांध्याला हाताने छोटा, वेगवान झटका देणं, स्वतः करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पॅकेजचं मात्र आधीच सांगते: घेऊ नका.

मणका सरकतो, नस दाबतो आणि त्यातून आजार होतात, ही मांडणी डॅनियल डेव्हिड पामर यांची. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टमध्ये १८९५ साली त्यांनी कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणके ‘बसवण्याची’ उपचारपद्धती, सुरू केली. उपचार टिकला, स्पष्टीकरण टिकलं नाही. दोन मणक्यांच्या मागच्या बाजूला डावा आणि उजवा असे दोन छोटे सांधे असतात, त्यांना फॅसेट जॉइंट म्हणतात. त्यांच्याभोवती घट्ट पिशवी असते आणि आत थोडा द्रव. सांध्याचे पृष्ठभाग झटक्यात एकमेकांपासून दूर झाले की आतला दाब एकदम उतरतो, द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटं मोडताना येतो तोच हा आवाज. २०१५ साली बोटाच्या सांध्याचं एमआरआय चित्रण करून ही पोकळी प्रत्यक्ष पाहिली गेली. एकदा वाजलेला सांधा साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही. हाड जागेवर बसण्याशी या सगळ्याचा संबंध नाही. कमरेखालच्या सेक्रोइलियाक सांध्यावर मॅनिप्युलेशनच्या आधी आणि नंतर क्ष-किरणांनी अचूक मोजमाप केलं गेलं, तेव्हा हाताने केलेल्या तपासणीत फरक दिसला, पण हाडांची जागा तीच होती.

मग बरं का वाटतं? दुखऱ्या भागाभोवतीचे स्नायू त्या भागाला जपण्यासाठी आवळून धरलेले असतात. अचानक मिळालेल्या ताणाने स्नायू आणि सांध्यातले संवेदक चाळवले जातात, स्नायूंची पकड ढिली पडते आणि काही काळ वेदना कमी जाणवते. हा काळ कधी काही तासांचा असतो, कधी काही दिवसांचा. या उपचाराची खरी किंमत त्या मोकळ्या वेळात आहे. कंबर सुटलेली असतानाच चाला, वाका, व्यायाम सुरू करा. झटका घेऊन पुन्हा तासन्‌तास खुर्चीत बसलात तर पुढच्या आठवड्यात तीच तक्रार घेऊन याल.

कंबरेसाठी मी रुग्णाला कुशीवर झोपवते, वरचा गुडघा वाकवते आणि वरचा खांदा हळूहळू मागे नेते. ज्या पातळीवर काम करायचं तिथला ढिलेपणा संपला की थांबते आणि विचारते, “पायात कळ जातेय का?” हो म्हटलं तर तिथेच सोडून देते. नाही म्हटलं तर श्वास सोडायला सांगते आणि श्वास अर्ध्यात असताना छोटासा झटका देते. तो सेकंदाच्या पाव भागाहूनही कमी वेळात संपतो आणि हात जेमतेम हलतो. वेग जास्त, अंतर कमी, हेच त्यातलं कौशल्य. आवाज आला नाही तरी चालतं. आवाजासाठी पुन्हा पुन्हा झटके देणारा माणूस मला आवडत नाही. ज्यांना झटक्याची भीती वाटते त्यांच्यासाठी मोबिलायझेशन असतं, म्हणजे सांधा लयीत, हळूहळू हलवणं. बऱ्याच जणांना तेवढंच पुरतं.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली कंबरदुखीसाठी गोळ्यांआधी करून पाहण्याच्या उपायांत मॅनिप्युलेशन धरलं, पण शेक आणि मसाज यांच्याच रांगेत. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या २०१६च्या सूचना तर सांगतात की ते करायचं असेल तर व्यायामाच्या जोडीनेच करा. फरक पडतो, पण मध्यम. नुकतीच उसण भरलेली असेल तर काही आठवड्यांत ती बहुधा आपली आपणही उतरते.

मानेबाबत मी फार सावध असते. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर चढतात आणि सर्वांत वरच्या मणक्याभोवती वळसा घेऊन कवटीत शिरतात. मान जोरात पिळली तर त्या वळशावर ताण येतो. धमनीचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात होणं दुर्मीळ आहे, आणि झटक्यामुळे ते नेमकं कितपत होतं यावर वाद आहे. अस्तर आधीच फाटलेलं असेल तर त्याचं पहिलं लक्षणच मानदुखी असू शकतं, आणि तो माणूस त्याच दुखण्यासाठी टेबलावर येऊन पडतो. म्हणून पूर्वी कधी नव्हती अशी अचानक उठलेली तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलणं जड होणं, चेहरा बधिर होणं, यांतलं काहीही असेल तर मानेला कुणालाही हात लावू देऊ नका, थेट रुग्णालयात जा. एरवीही मी मानदुखीसाठी पाठीच्या वरच्या भागावर काम करते, मान हलकेच मोबिलाइझ करते आणि व्यायाम देते. मान पिळून झटका देण्याची गरज क्वचितच पडते. पट्टा बांधून डोकं ओढण्याचे जे व्हिडिओ फिरतात, ते कृपया करून घेऊ नका.

कंबरेच्या बाबतीत लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही मांड्यांमधला भाग बधिर होणं, पाऊल उचलता न येणं ही तातडीची लक्षणं आहेत. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वीचा कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांत आधी निदान हवं. हाडं ठिसूळ असतील, बरेच दिवस स्टेरॉइड चालू असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा आमवात असेल, तर ते न विचारता सांगा.

चांगला माणूस तुम्हाला टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावेल, गुडघ्याचे आणि घोट्याचे प्रतिक्षेप (हातोडीने ठोकल्यावर आपोआप होणारी हालचाल) बघेल, पायाची संवेदना तपासेल. हे काहीच न करता झोपायला सांगितलं तर उठून या. सरसकट प्रत्येकाचा एक्स-रे काढून “हा बघा वाकडा मणका” म्हणणाऱ्यापासूनही लांब राहा.

आता पॅकेजचं कारण. चार-सहा बैठकांत हालचाल आणि दुखणं यांत स्पष्ट फरक पडला नाही, तर पुढच्या अठरांत पडेल असं धरायला आधार नाही. तिथे दिशा बदलायची असते, आणि आधीच पैसे भरलेला माणूस दिशा बदलत नाही. दर खेपेला पैसे द्या, दर खेपेला विचारा की व्यायामात पुढे काय. बैठकीनंतर एक-दोन दिवस अंग ठणकलं तर घाबरू नका, ते नेहमीचं आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: कळ किंवा मुंग्या गुडघ्याच्या खाली उतरतात का, आणि खोकल्यावर वाढतात का? तसं असेल तर दोन मणक्यांमधल्या गादीने (डिस्कने) नस दाबली असण्याची शक्यता असते आणि मी झटक्याने सुरुवात करणार नाही. तेवढं कळवा, म्हणजे कोणते व्यायाम आधी करायचे ते सांगते.