लिस्बनला जाताना ड्रायरचं काय करावं? फोंड्याच्या ताईंना उत्तर

ताई, तुम्ही विचारलंय की नोव्हेंबरात चौघं फोंड्याहून लिस्बनजवळ ओडिवेलासला भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाताय, घरमालकाने वॉशिंग मशीन दिलंय पण ड्रायर नाही, तर हीट पंपवाला ड्रायर घ्यावा का? आणि पाच-सहा वर्षांनी परतताना तो गोव्याला आणता येईल का? खाली एक ओळ आणखी होती, 'तिथे फार एकटं वाटतं का?' त्या ओळीमुळेच लिहायला बसले. पासपोर्ट आणि नोंदणीबद्दल काही सांगत नाही, ते सगळं तुम्ही करून बसला आहात. कपडे वाळवण्याबद्दल मात्र सविस्तर सांगते. निघण्याआधी त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही, आणि पहिला अख्खा हिवाळा त्यातच जातो.

आधी ऋतू उलटे करून घ्या. आपल्याकडे जूनमध्ये दोऱ्या घरात येतात, तिथे ऑक्टोबरअखेरीस. मार्चपर्यंत पाऊस, आणि उन्हाळा मात्र कडकडीत कोरडा. आपण पावसाळ्यात वाढलेली माणसं, ओल्या कपड्यांचं आपल्याला काय, असं वाटतं. फसगत तिथेच होते. गोव्याच्या पावसातली हवा उबदार असते आणि खिडक्या उघड्या असतात. तिथल्या जुन्या इमारतींत हीटिंग नसतं, खोली १५ अंशांवर असते आणि गारठ्याने खिडक्या बंद. १५ अंशांची हवा एका घनमीटरला जेमतेम १३ ग्रॅम बाष्प धरते, २७ अंशांची त्याच्या दुप्पट. मुलांची खोली ३० घनमीटरची धरा. ती हवा अगदी कोरडी असली तरी तिच्यात ४०० ग्रॅमच पाणी मावणार. आणि ५ किलो कपडे मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या वेगाने पिळून स्टँडवर टाकले तरी त्यांत अडीच लिटर पाणी असतं. उरलेलं काचेवर, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटाच्या मागे जातं. तिथे काळे ठिपके येतात, त्याला बोलोर म्हणतात. घरमालक म्हणणार, तुम्ही खिडक्या उघडत नाही. तीन दिवस स्टँडवर राहिलेल्या स्वेटरला कुबट वास बसतो. घरातल्यांच्या नाकाला त्याची सवय होते, वर्गातल्या मुलांच्या नाकाला होत नाही. आईला हे फार उशिरा कळतं. मला ते अजून बोचतं, म्हणून पैशांचा हिशेब नंतर आणि हे आधी.

हीट पंपचा ड्रायर म्हणजे फ्रिजचंच यंत्र. गरम कॉइलवरून गेलेली हवा ड्रममध्ये शिरते, कपड्यांतलं पाणी घेते, मग थंड कॉइलवर ते पाणी सोडते आणि पुन्हा गरम कॉइलकडे जाते. तीच हवा फिरत राहते, भिंतीला भोक पाडावं लागत नाही. जुन्या कंडेन्सर ड्रायरमध्ये हवा विजेच्या कॉइलने तापवतात, त्यामुळे ८ किलोच्या भरलेल्या फेरीला ४ ते ५ युनिट जातात. हीट पंपला दीड ते दोन. ड्रममधली हवा ५०-६० अंशांच्या आसपास राहते, म्हणून सुती कपडे कमी आटतात, इलास्टिक जास्त टिकतं.

तिथे खरा फायदा युनिटपेक्षा जोडणीचा आहे. पोर्तुगालमध्ये घराची वीज ठरावीक क्षमतेची घेतात, ३.४५ केव्हीए (साधारण किलोवॅटच समजा), ४.६, ५.७५, ६.९ असे टप्पे असतात आणि टप्पा वाढला की रोजचा स्थिर आकार वाढतो. लहान भाड्याच्या घरांत बहुधा ३.४५ असतं. अडीच किलोवॅटचा जुना ड्रायर लावून कुणी किटली चालू केली की मुख्य स्विच पडतो. हीट पंप ६०० ते ९०० वॅटवर चालतो, त्यामुळे सोबत दुसरं काहीतरी चालतं. ओव्हन आणि हीटर मात्र एकदम नको.

इथे कागदाची एक गोष्ट सांगून टाकते. विजेचा करार पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या नावावर करून घ्या. त्याला 'पीटी'ने सुरू होणारा लांबलचक सीपीई क्रमांक, म्हणजे त्या घराच्या वीजजोडणीचा क्रमांक, लागतो, तो जुन्या बिलावर असतो, आणि घरमालक ते बिल द्यायला टाळाटाळ करतात. दिवसाआड मागा. पत्त्याचा पुरावा मागणारी प्रत्येक कचेरी तेच बिल मागते. ते नसलं की माणूस एका खिडकीवरून दुसरीकडे, दुसरीवरून पुन्हा पहिलीकडे. मुलं घेऊन, पावसात. यात जे दिवस गेले त्यांचा राग अजून जात नाही.

दुकानात 'बोंबा द कालोर' हे शब्द शोधा, तोच हीट पंप. नुसतं 'कोंदेंसासाऊं' लिहिलं असेल तर जुन्या पद्धतीचा. १ जुलै २०२५पासून युरोपीय संघात बाजारात येणारा नवा घरगुती ड्रायर व्यवहारात हीट पंपचाच असतो. पण आधीचा साठा आणि वापरलेली यंत्रं फिरताहेत, स्वस्तात दिसतात. विजेच्या वापराची लेबलंही बदलली. जुन्यावर ए+++ दिसेल, नव्यावर ए ते जी. अक्षरांची तुलना करू नका. जुन्या लेबलवर वर्षाच्या १६० फेऱ्यांचे युनिट असतात, नव्यावर १०० फेऱ्यांचे. भागाकार करा आणि एका फेरीचा आकडा काढा. बिलावर आपला कर क्रमांक, एनआयएफ, घालून घ्या आणि बिल जपा. नव्या वस्तूला तिथे ३ वर्षांची कायदेशीर हमी आहे. धुणारं-वाळवणारं एकच यंत्र जागेपुरतं मोहात पाडतं. त्यात ८ किलो धुतलं तर ५च वाळतात, आणि बहुतेकांत विजेची कॉइलच असते.

घरी आणताना: वजन ५० किलोच्या घरात, रुंदी ६० सेंटिमीटर, उंची ८५, खोली ६० ते ६५. जिन्याचं वळण आणि स्वयंपाकघराचं दार आधी मोजा. यंत्र उभंच न्यायचं. आडवं झालं तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत जातं. पुस्तिकेत सांगितलेले तास उभं ठेवून मगच चालू करा, काही ठिकाणी पूर्ण दिवस सांगितलेला असतो. वॉशिंग मशीनच्या वर चढवायचं असेल तर जोडपट्टी घ्या, नुसतं ठेवू नका. बंद केलेली बाल्कनी, मार्कीझ, ही चांगली जागा. पाच अंशांखाली ही यंत्रं रडतात, पण लिस्बनला तितकं क्वचितच उतरतं. पाण्याची नळी वॉशिंग मशीनच्या ड्रेनला जोडून टाका. नाहीतर दर फेरीला टाकी उपसायची, आणि ८ किलो भरले तर ती पावणेपाच लिटरपर्यंत जाते. 'एश्व्हाझियार देपोझितु' असं पटलावर आलं की टाकी भरली.

आता त्रास कुठे होतो ते.

वेळ. सुती कपड्यांची भरलेली फेरी अडीच-तीन तास घेते. वॉशिंग मशीनला १४००च्या वेगाने पिळू द्या, ते काम ते फार कमी विजेत करतं. १०००वर पिळलं तर आठ किलोंमागे पाऊण लिटर पाणी जास्त राहतं. सुती आणि पॉलिएस्टर वेगळे घाला. पांघरुणाच्या खोळीची बटणं लावूनच टाका, नाहीतर सगळे मोजे तिच्या पोटात शिरून ओलेच बाहेर येतात.

लव, म्हणजे कपड्यांतून सुटणारे बारीक धागे. दाराजवळची जाळी प्रत्येक फेरीनंतर साफ करायची, प्रत्येक. महिन्यातून एकदा ती नळाखाली धरून पाहा. पाणी जाळीवर थबकलं तर सॉफ्टनरचा थर बसलाय. मऊ ब्रश, कोमट पाणी, पूर्ण वाळवून परत. सुटलेली लव पुढे थंड कॉइलवर बसते. काही यंत्रांत खाली झडप असते, आत स्पंज. साधारण वीस फेऱ्यांनी तो धुवा आणि कॉइल व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने वरून खाली पुसा. ॲल्युमिनियमचे पत्रे कागदासारखे वाकतात आणि बोट कापतात. 'आपोआप साफ होणारी' कॉइल असलेल्या यंत्रांना ही झडप नसते. ती स्वतःच्याच पाण्याने कॉइल धुतात. काही वर्षांनी लव साचली तर आत हात घालायला वाट नाही, पूर्ण यंत्र खोलावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे: झडपवालं घ्या, थोडी मेहनत पडली तरी.

सेन्सर. दाराच्या आत दोन धातूच्या पट्ट्या असतात. ओलं कापड त्यांना टेकलं की वीज वाहते, कोरडं झालं की थांबते. त्यावर चिकट थर बसला की यंत्र ओले कपडे 'झाले' म्हणून देतं. व्हिनेगर लावलेल्या फडक्याने पुसा. दोनच शर्ट टाकले तरी हेच होतं, कापड पट्ट्यांना टेकतच नाही. तेव्हा वेळ ठरवून लावा.

ड्रम कोमट आहे पण तासाभरात टाकीत पाण्याचा थेंब नाही, तर वायू गळलाय किंवा कॉइल बुजलीय. वापरलेलं यंत्र घेताना हीच परीक्षा घ्या, ओला टॉवेल घेऊन जा. हल्ली आतला वायू प्रोपेन, म्हणजे आर-२९० असतो. तो ज्वलनशील, त्यामुळे त्याला नाक्यावरचा कुणी मिस्त्री नको.

आणि तेल. हे आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगते. खोबरेल लागलेला पंचा, समईची फडकी, तळणाचं पुसणं ड्रायरमध्ये घालू नका. धुतल्यावरही तेल धाग्यात उरतं, गरम होऊन घडीत दाबून ठेवलं की स्वतःहून तापत जातं आणि पेट घेऊ शकतं. शेवटची गार करण्याची दहा मिनिटं तोडू नका. झोपताना किंवा बाहेर जाताना चालू ठेवू नका. दोन दरांच्या मीटरच्या एका प्रकारात रात्री १० ते सकाळी ८ वीज स्वस्त पडते, पण त्या मोहात रात्रभर लावू नका. रात्री ११ ते सकाळी ७ शेजाऱ्याची तक्रार कायद्याने चालते, आणि कॉम्प्रेसरची घुरघुर लाकडी जमिनीतून खाली जातेच. दहाला मिश्र कपड्यांची छोटी फेरी लावून अकराच्या आत संपवा.

हिशेब. यंत्र साडेचारशे ते आठशे युरो. युनिटला २० सेंट धरले, पावसाचे पाच महिने आठवड्याला तीन फेऱ्या, तर जुन्या पद्धतीपेक्षा वर्षाला साधारण ३५ युरो वाचतात. यातून पैसे वसूल होतील असं समजून घेऊ नका. दोन वर्षांतच घर बदलणार असाल तर आधी दीडशे-दोनशे युरोंचं हवेतलं पाणी ओढणारं यंत्र घ्या, डेझुमिदिफिकादोर. छोट्या खोलीत स्टँड, दार बंद, सहा-आठ तास. भिंतही कोरडी राहते. खोक्यावर 'दिवसाला १२ लिटर' असतं, ते ३० अंशांचं; १५ अंशांत निम्म्याचीही आशा धरू नका. चार वर्षांपेक्षा जास्त राहणार असाल तर ड्रायर घ्याच, आणि पहिल्या हिवाळ्यातच घ्या. दुसऱ्यासाठी थांबू नका.

शाळेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी. भाषा येत नाही म्हणून मुलाला एक इयत्ता खाली बसवूया असं सुचवलं तर लगेच सही करू नका. परभाषिक मुलांसाठी पोर्तुगीज हा वेगळा विषय शाळेत असतो, 'लिंग्वा नाऊं मातेर्ना' म्हणून. तो आधी मागा. गोड बोलून पुढे केलेल्या कागदावर केलेली सही सहजासहजी मागे घेता येत नाही.

एकटेपणाचं म्हणाल, तर येतो. चवथीला गणपतीवर माटोळी, म्हणजे फळापानांचं छत, बांधायच्या दिवसांत जास्त येतो, कारण तेव्हाच शाळा सुरू व्हायची धावपळ असते. त्यावर याहून अधिक लिहीत नाही.

गोव्याला आणायचं असेल तर नका आणू. व्होल्टेज तेच २३०, पण हमी तिथेच राहते आणि प्रोपेनचं बंद यंत्र उघडणारा माणूस फोंड्यात शोधावा लागेल. एरवी आपल्या पावसाला हे तंत्र फार योग्य आहे. हवा आतल्या आत फिरते, म्हणून बाहेर कितीही दमट असलं तरी फरक पडत नाही, आणि २७ अंशांत कॉम्प्रेसर सुखात चालतो. मे महिन्यात बंद खोलीत ३५च्या वर गेलं की मात्र फेरी लांबते. परतल्यावर इथलंच घ्या, दुरुस्ती करणारा जवळ आहे का ते विचारून. वीज जाऊन आली तर पाच मिनिटं थांबून चालू करा, आणि मागच्या फटींना बारीक जाळी लावा, पाली आतल्या सर्किटवर जाऊन बसतात.

गोधडी सोबत न्याल ना? न्या. पण तिला ड्रायर दाखवू नका. वरचा थर सुकला की सेन्सर फसतो, मधले थर ओले राहतात आणि आठवड्यात आतून बुरशी धरतात. ती तिथल्या जुलैत धुवा. सकाळी नऊला खिडकीबाहेरच्या दोरीवर टाका, दोन वाजता उलटा, संध्याकाळी मधल्या शिवणीवर चिमटीने दाबून पाहा. गार लागली तर आणखी एक दिवस.