गावच्या वाचनालयातून कोलकात्यापर्यंत

बाळा, परभणीकडच्या 'ड' वर्ग, म्हणजे सर्वांत लहान दर्जाच्या, वाचनालयात तू ग्रंथपाल म्हणून लागलास, फार बरं वाटलं. दाखल नोंदवही, देवघेव तू शिकशीलच. मला वेगळंच सांगायचंय.

गावात कुणी पुस्तक छापलं, अगदी मंदिराचा इतिहास असला, तरी प्रकाशकाला आधी विचार, "कोलकात्याला प्रत पाठवली का?" 1954 च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने 30 दिवसांच्या आत, स्वखर्चाने, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत द्यायचीच असते. शिवाय मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक. वर्तमानपत्रं, नियतकालिकं 1956 पासून त्यात आली.

हे मी उशिरा शिकलो. आमच्या गावच्या शाळेची स्मरणिका निघाली होती. गठ्ठा कपाटात राहिला, दोन पावसाळ्यांत वाळवीने पुठ्ठ्यापासून आतपर्यंत पोखरला. बाहेर एकही प्रत गेलेली नव्हती. मुक्तिसंग्रामात उतरलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी होत्या रे त्यात! अजून जीव हळहळतो.

कोलकात्याचं ते राष्ट्रीय ग्रंथालय 1836 च्या कलकत्ता पब्लिक लायब्ररीतून वाढलं, 1903 मध्ये इंपीरियल लायब्ररी म्हणून लोकांना खुलं झालं, आणि 1948 मध्ये राष्ट्रीय झालं. आज तिथल्याच बेल्व्हेडिअर या जुन्या वास्तूच्या आवारात आहे. तिथे पाठवलेली प्रत जपण्यासाठी असते.

आपला मुलूख आधी हैदराबाद संस्थानात, मग 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. म्हणून जुनं काही शोधताना हैदराबादच्या ग्रंथालयांतही चौकशी कर.

प्रत टपालाने पाठवलीस की पावती नोंदवहीतच चिकटव.