गोळी घेतली की दरवेळी ओठावर त्याच जागी काळा डाग का उठतो? यात मेडिकलवाल्याची चूक आहे का?

तुम्ही लिहिलंय की जुलाब लागले म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणल्या, तीन-चार तासांत खालच्या ओठावर आणि मनगटावर आग होऊन गोल जांभळट चट्टा उठला, मागच्या वर्षीही अशाच गोळीनंतर बरोब्बर तिथेच उठलेला, आणि मेडिकलवाले म्हणाले गोळी गरम पडली, ताक प्या. मी फार्मासिस्ट आहे, तालुक्याच्या गावात रोज काउंटरला उभा असतो. चट्टा न बघता नक्की सांगता येणार नाही, ते स्किनच्या डॉक्टरांचं काम, पण 'दरवेळी त्याच जागी' हे वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते फिक्स्ड ड्रग इरप्शन.

म्हणजे ती औषधाची रिअ‍ॅक्शनच, फक्त ती अंगभर न उठता ठरावीक जागा धरून बसते. ओठ, हात आणि लघवीची जागा (तिथे झालं की लोक लाजेने सांगतच नाहीत) या तिच्या आवडत्या जागा. त्या जागच्या कातडीत पहिल्या वेळच्या काही पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात, तेच औषध परत पोटात गेलं की अर्ध्या तासापासून दिवसभरात कधीही तिथे आग सुरू होते, चट्टा उठतो आणि उतरताना काळा डाग ठेवून जातो. परत परत घेत राहिलं तर नवीन जागी पण उठायला लागतात.

आता जुलाबाला काउंटरवरून सर्रास काय दिलं जातं तर ऑफ्लॉक्ससिन-ऑर्निडाझोल नाहीतर नॉरफ्लॉक्ससिन-टिनिडाझोलची गोळी. या गोळ्यांतले दोन्ही घटक अशा चट्ट्यासाठी ओळखीचे आहेत, शिवाय सल्फावाली को-ट्रायमोक्साझोल आणि काही पेनकिलर पण. एका गोळीत दोन औषधं असल्यामुळे दोघांतला गुन्हेगार कोण ते घरी कळत नाही, आणि कळावं म्हणून परत घेऊन बघू नका प्लीज, लोक खरंच असं करतात. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, ऑर्निडाझोल हे सख्खे भाऊ आहेत, एक बाधला तर दुसरा पण बाधू शकतो, म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत सगळ्यांनाच लांब ठेवा.

मेडिकलवाल्याची चूक का? हो, आहे. अशा अँटिबायोटिक गोळ्या चिठ्ठीवरच द्यायच्या असतात, स्ट्रिपवर लाल उभी रेघ असते ती त्यासाठीच. २०१४ पासून तर शेड्यूल एच-१ ही जास्त कडक नियमांची औषधयादी आलीय, त्यातलं सेफिक्झिम (अँटिबायोटिक), टीबीची औषधं, अल्प्राझोलम (चिंता-झोपेची गोळी) वगैरे दिलं तर पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरला लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. पण माझ्या मते चिठ्ठीपेक्षाही मोठी चूक ही की 'आधी कुठल्या गोळीचा त्रास झालाय का' हे विचारलं नाही. पाच सेकंदांचा प्रश्न आहे हो. आणि मोठ्या माणसाच्या साध्या पाण्यासारख्या जुलाबाला बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही, ओआरएस पीत राहिलं तरी भागतं. ताप असेल, शौचातून रक्त पडत असेल तर डॉक्टर. पण गिऱ्हाईकही 'एक दिवसात थांबेल असं द्या' म्हणूनच उभं असतं, ते पण खरंय.

गोळीचा प्रत्येक त्रास म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे, हे मात्र समजून घ्या. काही त्रास औषधाच्या कामातूनच येतात आणि आधीपासून माहीत असतात. शुगरची ग्लिमेपिराइड घेतली आणि उपवास म्हणून काही खाल्लं नाही तर शुगर उतरून घाम आणि थरथर होणारच, श्रावणात आणि नवरात्रात हे हमखास बघतो. बीपीच्या रामिप्रिल, एनालाप्रिलने कोरडा खोकला येतो, अशी माणसं महिनोन्महिने खोकल्याच्या बाटल्या नेत राहतात आणि कुणी बीपीची गोळी कुठली ते विचारत नाही. बीपीच्याच अ‍ॅमलोडिपिनने पाय सुजतात. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते, डॉक्टरांना सांगून डोस किंवा औषध बदलून घ्यायचं असतं. तुमच्यासारखी रिअ‍ॅक्शन वेगळी, तिथे डोस कमी करून उपयोग नाही, ते औषधच नको.

गोळीनंतर ओठ-चेहरा सुजून श्वास लागला, किंवा तापाबरोबर तोंडात, डोळ्यांत फोड येऊन कातडी सुटायला लागली तर ताक-बीक पीत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, स्ट्रिप सोबत घेऊन. काही रिअ‍ॅक्शन उशिराही येतात, पाळीच्या दुखण्याला घेतात त्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल २०२३ च्या शेवटी सरकारी अ‍ॅलर्ट आला होता, त्यात ताप, पुरळ, गाठी सुजणं हे औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी पण दिसू शकतं.

तुमच्या केसमध्ये खरी अडचण ही की तुम्हाला गोळीचं नाव माहीत नाही. चार गोळ्या कापून दिल्या की नाव आणि एक्सपायरी उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहते. कापायच्या आधी स्ट्रिपचा फोटो काढा, किंवा बिल घ्या, बिल मागायला लाजू नका. डॉक्टर पुडीत गोळ्या देत असतील तर कागदावर नाव लिहून मागा. आता त्या दुकानात जाऊन कुठली गोळी दिली ते विचारा, भांडण न करता, आणि नाव एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा, घरच्यांनाही सांगून ठेवा. मी स्वतः अशा पेशंटच्या फाइलवर लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहून देतो. संधिवाताची मेथोट्रेक्सेट देताना पण हेच, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि कुणी रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून पाकिटावर वार लिहितो, 'फक्त रविवारी', आणि पेशंटकडून ते वदवून घेतो.

अजून एक, ही रिअ‍ॅक्शन तुम्ही स्वतः कळवू शकता. औषधांच्या त्रासावर लक्ष ठेवणारा सरकारी फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया २०१० पासून चालू आहे, काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. संशय पुरेसा, पुरावा लागत नाही, पेशंटचं नाव गुप्त राहतं. वरचा मेफेनॅमिकचा अ‍ॅलर्टही अशाच कळवलेल्या केसेस तपासून निघाला.

डाग जायला काही महिने लागतील, औषध परत गेलं नाही तर फिकट होत जातो. त्यावर मेडिकलमधून स्टिरॉइडची ट्यूब आणून चोळू नका, ओठाची कातडी पातळ असते, स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं तरच आणि सांगितले तेवढेच दिवस.