प्लेट कमी धुवा, रोलर लगेच धुवा : जेल प्लेटच्या साफसफाईबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या वेळी जेल प्रिंटिंगवर (जेलीसारख्या मऊ प्लेटवर रोलरने रंग पसरायचा आणि कागद दाबून त्याचा ठसा घ्यायचा) लिहिलं तेव्हा वाटलं होतं की लोक डिझाईनबद्दल विचारतील, रंग कुठले घ्यायचे वगैरे. पण निम्म्याहून जास्त प्रश्न आले ते धुण्यापुसण्याचे! त्यातले काही निवडून उत्तरं देतेय, सारखे वाटले ते एकत्र केलेत.

प्रश्न : प्लेटवर ॲक्रिलिकचे वाळलेले थर बसलेत. साबण लावून घासलं, वेट वाइप्सनी पुसलं, तरी कोपऱ्यातला रंग हलत नाही. नखाने खरवडू का?

नको! नख नको, चाकू नको, भांडी घासायची घासणी तर मुळीच नको. जेल प्लेट दिसते जाड पण तिचा वरचा पृष्ठभाग एकदम नाजूक असतो, एक ओरखडा पडला की पुढच्या प्रत्येक प्रिंटमध्ये तो रेघ होऊन दिसणार. ॲक्रिलिक एकदा वाळलं की पाण्यात विरघळत नाही, कारण पाणी उडून गेल्यावर त्यातले प्लास्टिकचे बारीक कण एकमेकांना चिकटून एक पापुद्रा तयार होतो, त्यामुळे साबणपाणी कितीही लावा, फक्त तुमचा हात दुखेल.

मग काढायचा कसा? तर रंगानेच. प्लेटवर पांढऱ्या किंवा कुठल्याही फिक्या रंगाचा नेहमीपेक्षा जरा जाड थर रोलरने फिरवा, वर साधा कागद ठेवून हाताने नीट दाबा आणि सोडून द्या, पूर्ण वाळेपर्यंत, घाई असेल तर अर्धा-पाऊण तास आणि नसेल तर रात्रभर. नवा रंग वाळताना जुन्या थराला धरतो आणि कागद हळूच ओढला की दोन्ही एकत्र निघून येतात. गंमत म्हणजे असे सफाईचे कागदच बऱ्याचदा सगळ्यात भारी प्रिंट निघतात, मी तर माझे फाईलला लावून ठेवते. एखादा हट्टी ठिपका राहिलाच तर त्यावर पॅकिंग टेप दाबून सावकाश उचला. तरीही नाही निघाला तर बेबी ऑइलचे दोन-चार थेंब टाकून पाच मिनिटं ठेवा आणि मऊ कापडाने गोल गोल पुसा. पण तेल लावलं की नंतर भांड्याच्या साबणाचा एक थेंब घेऊन कोमट पाण्याने नक्की धुवा, तेलाचा अंश राहिला तर पुढचा रंग प्लेटवर बसतच नाही, मोत्यांसारखा गोळा होतो.

प्रश्न : माझ्या प्लेटवर निळसर डाग पडलेत, कितीही धुतले तरी जात नाहीत. प्लेट बिघडली का?

नाही हो. काही रंगद्रव्यं, थॅलो निळा-हिरवा, मॅजेन्टा वगैरे, प्लेटमध्ये थोडी झिरपतात. डाग दिसतो पण प्रिंटमध्ये उतरत नाही. खात्री करायची असेल तर एक पांढरा प्रिंट काढून बघा. प्लेट चकचकीत दिसली पाहिजे असं काही नाही, ती शोभेची वस्तू नाहीये. पर्मनंट मार्करने मात्र तिच्यावर लिहू नका, त्याचा रंग पुढच्या प्रिंटमध्ये येऊ शकतो.

प्रश्न : रोलरवर रंगाच्या गुठळ्या झाल्यात, आता रंग सपाट पसरत नाही. वर एका बाजूला तो चपटा पण झालाय.

हा प्रश्न सहा जणांनी विचारला, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या, प्लेटचं आणि रोलरचं गणित उलटं आहे. प्लेटवर रंग राहिला तर राहू द्या, पुढच्या वेळी निघेल, रोलरवर राहिला तर तो वाळून कडक होतो आणि पुढच्या प्रत्येक प्रिंटमध्ये खळगे पडतात. म्हणून काम करताना रंग बदलला की रोलर आधी रद्दी कागदावर फिरवा, म्हणजे जास्तीचा रंग तिथेच निघून जातो (आणि तोही कागद जपून ठेवा, कोलाजला कामाला येतो), मग ओल्या कापडाने किंवा वेट वाइपने पुसा. सत्र संपल्यावर कोमट पाणी आणि साबण, कडांकडे जास्त लक्ष, तिथेच रंग दडून बसतो. पाण्यात बुडवून मात्र ठेवू नका, आतला दांडा गंजतो आणि मूठ लाकडाची असेल तर फुगते.

गुठळ्या आधीच झाल्या असतील तर कोमट साबणाच्या पाण्यात कापड भिजवून रोलरभोवती गुंडाळा, अर्धा तास ठेवा, मग जुन्या टूथब्रशने किंवा अंगठ्याने चोळा, रंगाचे पापुद्रे सुटायला लागतील. त्याने नाही सुटलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल एका कापडावर घेऊन पुसा, वाळलेलं ॲक्रिलिक त्याने मऊ पडतं, पण रबराला ते वारंवार लावू नका, रबर कोरडं पडत जातं. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ गॅस-मेणबत्ती पेटलेली नको, अल्कोहोल पटकन पेट घेतं.

चपटा झाला म्हणता, तर तो वाळताना रबरावर टेकवून ठेवत असणार तुम्ही. बऱ्याच रोलरना मुठीवर एक पाय असतो, तो पाय टेकवून रबर हवेत राहील असं उलटं ठेवायचं, नाहीतर खिळ्याला टांगायचं. चपटेपणा थोडा असेल तर काही दिवस टांगून ठेवल्यावर जातो, फार खोल असेल तर माझ्या मते नवा घ्या आणि जुन्याने टेक्श्चर करा.

प्रश्न : स्टेन्सिल चिकट होतात आणि बारीक नक्षी बुजते.

स्टेन्सिल प्लेटवरून उचललं की लगेच पाण्याच्या उथळ ट्रेमध्ये टाकायचं, हीच सवय, बाकी काही नाही. काम संपलं की काचेवर किंवा सपाट ट्रेवर आडवं ठेवून मऊ ब्रशने घासा, हातात धरून घासलं तर नक्षीचे भाग जोडणाऱ्या बारीक पट्ट्या तुटतात. बुजलेलं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दहा मिनिटं थांबा. आणि खरं सांगू का, रंग चढलेल्या स्टेन्सिलची नक्षी बऱ्याच वेळा अजून चांगली येते, मी माझे फार धुत नाही. फोमचे शिक्के मात्र धुवा, त्यांच्या छिद्रांमध्ये रंग वाळला की संपलं.

प्रश्न : घरी जिलेटिनची प्लेट बनवली होती. एकीवर बुरशी आली, दुसरी आकसली. गरम पाण्याने धुऊ का?

गरम पाण्याने तर ती तुमच्या डोळ्यांदेखत वितळेल! जिलेटिन साधारण 30 ते 35 अंश सेल्सिअसला वितळायला लागतं, म्हणजे अंगाच्या उबेपेक्षाही कमी. म्हणून थंड पाण्याचा ओला फडका, हलक्या हाताने, बस्स. नुसत्या पाण्यातल्या जिलेटिनच्या प्लेटवर फ्रिजमध्येही काही दिवसांत बुरशी येते, आली तर टाकून द्या. ग्लिसरीन घातलेली जास्त टिकते, कारण ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं. ओरखडे पडले किंवा खड्डे झाले तर तिचे तुकडे करून मायक्रोवेव्हमध्ये 20 ते 30 सेकंदांच्या टप्प्याने, मध्ये हलवत, पुन्हा वितळवता येते, फक्त उकळू देऊ नका, उकळलं की जिलेटिनची पकड कमजोर होते. वरचा फेस कागदाच्या कडेने ओढून बाजूला काढा. विकतच्या प्लेटचं मात्र वेगळं आहे, ती जिलेटिनची नसते, मिनरल ऑइलच्या जेलची असते, तिला घरी वितळवायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती, आता तिच्यावर छपाई उमटली आहे!

हो, ती शाई उचलते, जेल प्लेटवर मासिकातली चित्रं छापता येतात तेही त्याचमुळे! शिवाय कागद प्लेटमधलं तेलही शोषतो. वर सांगितलेल्या पांढऱ्या रंगाच्या युक्तीने बरीचशी शाई निघेल. पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना गुळगुळीत ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकची) लावून, सपाट डब्यात ठेवा. वर काही ठेवू नका, बबल रॅप तर नकोच, त्याचे गोल ठसे उमटतात. प्लेट काचेवर सपाट ठेवल्यावर ते ठसे बऱ्याचदा काही दिवसांत भरून येतात. उन्हात किंवा बंद गाडीत प्लेट विसरू नका.

प्रश्न : ग्लॉसी फोटो पेपर प्लेटला चिकटून बसला, ओढू का?

ओढू नका, ओढलात तर प्लेटचा तुकडा येऊ शकतो. मागच्या बाजूने पाणी लावून कागद पूर्ण भिजवा, मग बोटांनी हलकेच चोळून लगदा काढा, बाकीच्या चिकट थरावर बेबी ऑइल. पूर्ण निघेलच असं नाही, एक कोपरा गेला तर उरलेल्या भागावर छोटे प्रिंट काढा. आणि कोटिंग असलेला कागद प्लेटवर ठेवायच्या आधी कोपऱ्यावर एक छोटा तुकडा लावून बघा.