सोलापुरात रोझमेरी लावताय? आधी पाण्याचा हात आवरा

ताई, रोझमेरीचं रोप उन्हानं जळालं असं तुम्ही म्हणताय, पण ते उन्हानं नाही, पाण्यानं गेलं. रोझमेरी म्हणजे स्वयंपाकात वापरायची सुवासिक पानांची वनस्पती, भूमध्य समुद्राकाठची, खडकाळ जमिनीत वाढणारी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. माझी पहिली दोन रोपं अशीच गेली. रोज संध्याकाळी प्रेमानं पाणी घालायची ना!

कुंडी मातीचीच घ्या, तळाला भोक हवंच. निम्मी माती, निम्मी जाड वाळू, थोडं शेणखत. बोट दोन इंच खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. एप्रिल-मेमध्ये पारा 40च्या वर गेला की दुपारची सावली द्या, पावसाळ्यात पत्र्याखाली सरकवा. बियांच्या नादी लागू नका, उगवता उगवत नाहीत. थंडीत 10 सेंटिमीटरची कोवळी फांदी खालची पानं काढून वाळूत खोचा; महिना-दीड महिन्यात मुळं धरते.

स्वयंपाकात मात्र कंजुषी करा. चार जणांच्या बटाट्याला बोटभर काडी पुरते. कडीपत्त्यासारखी आधी तेलात टाका, वास तेलात उतरतो. मटणालाही छान लागते, पण काळ्या मसाल्याच्या रश्श्यात नको, तिथं ती हरवते. शेंगाचटणीत घालून पाहिली होती. घरात कुणी बोललं नाही दोन दिवस.